एक तिरकी रेघ

कॅनडातील हॅमिल्टन शहरी आम्ही संगणकाची चाकरी करतो, आणि ती द्वारपालाची आहे. बाहेरून आलेली प्रत्येक मागणी प्रथम ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ या मध्यस्थाकडे येते. तो पत्ता वाचतो, जरूर तर बदलतो आणि मागणी आतील योग्य सर्व्हरकडे धाडतो.

आमचा मध्यस्थ ‘एन्जिनएक्स’. इगोर सिसोएव्ह यांनी तो २००४ साली प्रसिद्ध केला. त्याचा एक नियम ध्यानी ठेवण्याजोगा आहे. ‘/एपीआय/’ने सुरू होणारा मार्ग पुढे धाडताना आतील सर्व्हरच्या नावापुढे काहीच लिहिले नाही, तर मार्ग जसाच्या तसा जातो. तेथे नुसती तिरकी रेघ दिली, तर ‘/एपीआय/औषधे’चे ‘/औषधे’ होते.

एका संस्थेत वृद्धांच्या औषधांच्या मागण्या याच वाटेने जात. तेथे ती रेघ गळली. सर्व्हर धडधाकट, औषधे तयार. पण अनोळखी पत्ता पाहून सर्व्हर ‘४०४’ म्हणत राहिला आणि सकाळभर मागण्या परतल्या. आम्हांस बोलावणे आले, तेव्हा एवढी एक रेघ घालून काम भागले. रचना तपासणाऱ्या आज्ञेने दोष दाखविला नव्हता, कारण ती व्याकरण तपासते, हेतू नव्हे.

१ जानेवारी २००१ रोजी डंडास हे गाव हॅमिल्टनात विलीन झाले. किंग स्ट्रीट दोहोंकडे आहे. तेथे पाकिटावरील गावाचे नाव गाळणे म्हणजे पत्र चुकविणे. त्या सर्व्हरला मात्र जादा शब्दच नडला. म्हणून बांधवहो, पत्त्यातील काय ठेवावे नि काय गाळावे, हे ज्याच्या घरी पत्र जायचे त्यासच विचारावे; मग एक मागणी स्वतः धाडून ती पोहोचल्याची नोंद पाहावी.