बोथाटीचा रंग आणि लोहगावचे सुखोई

धानोरीत वाढलेल्या माणसाला बोलणे मध्येच थांबवण्याची सवय आपोआप लागते. लोहगावच्या धावपट्टीवरून सुखोई उठले की समोरचा वाक्य अर्ध्यावर सोडतो, काही सेकंद दोघेही एकमेकांकडे नुसते पाहत राहतात, आणि आवाज विरला की वाक्य सोडले होते तेथूनच पुढे सुरू होते. लहानपणी मी घरात प्रत्येकाला विचारत असे, ही विमाने जातात तरी कुठे? उत्तर ठरलेले होते : ‘सरावाला.’

14 ऑक्टोबर 2014 ला मी नववीत होते. दुसऱ्या दिवशी विधानसभेचे मतदान होते. त्या संध्याकाळी लोहगावकडे परतणारे एक सुखोई थेऊरजवळ शेतात कोसळले. होय, तेच थेऊर. चिंतामणीचे आणि थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या दिवसांचे. दोन्ही वैमानिक पॅराशूटने उतरून बचावले, जमिनीवरही जीवितहानी झाली नाही. पण माझी मावशी लोणी काळभोरला राहते, आणि तिचा त्या रात्रीचा फोन मला अजून आठवतो. ‘युद्ध नाही, गोळी नाही, मग विमान पडतंच कसं?’

या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचे तर आधी एक जुने हत्यार पाहावे लागते.

मराठेशाहीच्या इतिहासात रमणाऱ्यांना फरी-गदगा ठाऊक असतो : खऱ्या तलवारीऐवजी चामड्याने मढवलेली काठी आणि हातात लहानशी ढाल. त्या मानाने बोथाटीची चर्चा कमी होते. घोडेस्वाराच्या भाल्याचे पाते काढून त्या जागी कापडाचा गोळा बसवायचा, तो रंगात बुडवायचा आणि दोन स्वारांनी एकमेकांवर घोडे घालायचे. खेळ संपला की ज्याच्या अंगावर रंगाचे डाग जास्त, तो हरला. बोथट या शब्दाशी तिचे नाते उघड दिसते. मला मोह पडतो तो त्या रंगाचा. पाते काढले की इजा टळते, पण घाव बसला की नाही, याचा वादही मग सुटत नाही. रंग तो वाद मिटवतो.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांपुढे नेमका हाच प्रश्न आला. आकाशात दोन विमानांनी एकमेकांवर खऱ्या गोळ्या झाडून सराव करणे शक्य नव्हते. मग हाइथ या किनाऱ्यावरच्या हवाई नेमबाजी शाळेच्या नावाने ओळखली जाणारी कॅमेरा-बंदूक आली. ती दिसायला लुइस मशीनगनसारखी आणि विमानावर बसवायची तशीच, मात्र घोडा ओढला की गोळीऐवजी फिल्मवर एक चित्र उमटे. जमिनीवर आल्यावर फिल्म धुवायची आणि समोरचे विमान वर्तुळांच्या आत होते की बाहेर ते पाहायचे. त्याच युद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर ब्रिटिश हवाई दलात लढाऊ वैमानिक होते. 23 व्या स्क्वाड्रनमध्ये ते सॉपविथ डॉल्फिन उडवत आणि जून 1918 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मृत्यू पावले. आपल्याकडे त्यांचे नाव क्वचितच निघते, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

कॅमेऱ्याच्या जोडीला पुढे ओढलेले लक्ष्य रूढ झाले. एक विमान लांब दोरीला कापडी पट्टा बांधून नेते आणि बाकीचे पाठीमागून त्यावर खऱ्या गोळ्या झाडतात. प्रत्येक वैमानिकाच्या गोळ्यांच्या टोकाला वेगळा रंग. पट्टा खाली आला की भोकांच्या कडेला लागलेला रंग पाहून कोणाच्या किती लागल्या ते मोजायचे. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी खरोखर मोठ्याने हसले होते. शेवटी बोथाटीच!

आता जिवंत शस्त्रांच्या सरावाकडे येते. लोहगावला सुखोईची जुनी परंपरा आहे; सुखोई-30 एमकेआय हवाई दलात दाखल झाले ते येथेच, 27 सप्टेंबर 2002 रोजी. मात्र पुण्याच्या दाट वस्तीवर कोणी बॉम्ब टाकत नाही. त्यासाठी मोकळे वाळवंट किंवा समुद्र लागतो. जामनगरला हवाई दलाचा शस्त्र-प्रशिक्षण विभाग आहे, आणि पोखरणच्या मैदानावर ‘वायुशक्ती’ नावाचे मोठे प्रात्यक्षिक होते. त्याची सुरुवात 1954 मध्ये दिल्लीजवळच्या तिलपत येथे झाली, 1989 पर्यंत ते तेथेच होत असे. रोजच्या बॉम्बफेकीच्या सरावात मात्र बहुधा लहान सरावबॉम्ब असतो, जो पडल्यावर फक्त धूर सोडतो. खरे क्षेपणास्त्र इतके महाग, की ते झाडण्याची संधी वैमानिकाला फार क्वचित मिळते.

ती संधी वाया नसते. वजनदार बॉम्ब सुटला की विमान कसे हलके होऊन उचलले जाते, क्षेपणास्त्र पंखाखालून निघताना काय होते, जमिनीवरच्या माणसाने फ्यूज नीट बसवला होता का, हे खरे शस्त्र वापरल्याशिवाय कळत नाही. तेथे केवळ वैमानिकाची परीक्षा नसते. शस्त्रागारापासून विमानाच्या तारांपर्यंत सगळी साखळी तपासली जाते. उणीव एवढीच, की लक्ष्य वाळूत रंगवलेले वर्तुळ असते. ते वळत नाही, लपत नाही, उलट मारा करत नाही.

वळणारा आणि लपणारा शत्रू हवा असेल तर शस्त्र काढून ठेवावे लागते. समोर आपलाच सहकारी असतो. पंखाखाली सरावाचे क्षेपणास्त्र असते. त्याचा शोधक डोळा खरा, पण आत इंजिन नाही की स्फोटक नाही. ते लक्ष्य हेरते आणि वैमानिकाच्या कानात सूचक आवाज देते, त्याचे काम तेवढेच. नियम कडक असतात. दोन विमानांनी ठरलेल्या अंतराच्या आत यायचे नाही. जमिनीच्या बरेच वर एक काल्पनिक जमीन मानायची. तिच्याखाली गेलात की तुम्ही ‘मेलात’. कोणालाही, अगदी सर्वांत कनिष्ठ वैमानिकालाही, काही बिनसल्यासारखे वाटले तर ‘नॉक इट ऑफ’ म्हणून सगळा डाव तत्क्षणी थांबवता येतो. मग खाली उतरून चर्चा. ही चर्चा उड्डाणापेक्षा लांब चालते, आणि खरे शिक्षण तेथेच होते असे वैमानिक सांगतात. कोणी कोणाला केव्हा मारले हे आता उपकरणांच्या नोंदींवरून पडद्यावर उलगडते. पडद्यावरच्या त्या रेषांनी बोथाटीच्या रंगाची जागा घेतली आहे.

या चर्चेचे मोल किती, ते अमेरिकेने व्हिएतनाममध्ये फार महाग मोजून शिकले. क्षेपणास्त्रांच्या युगात जवळून झुंजण्याची कला कालबाह्य झाली, असा तेव्हा समज होता. 1965 ते 1968 या काळातल्या हवाई चकमकींचा अभ्यास नौदलाच्या कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांनी केला, तेव्हा आढळले की जवळपास 600 क्षेपणास्त्रे झाडली गेली आणि साधारण दहातले एकच लागले. दोष दोन्हीकडे होता. शस्त्रांची निगा आणि चाचणी कमी पडली होती. आणि वळणाऱ्या, निसटणाऱ्या शत्रूपुढे क्षेपणास्त्र केव्हा सोडावे आणि केव्हा सोडू नये, हे वैमानिकांना कोणी शिकवले नव्हते. त्यातून 1969 मध्ये नौदलाची ‘टॉपगन’ शाळा निघाली आणि 1975 मध्ये हवाई दलाचा ‘रेड फ्लॅग’ सराव सुरू झाला. वैमानिकाच्या पहिल्या दहा युद्धमोहिमा सर्वाधिक घातक असतात, तर त्या दहा मोहिमा त्याला शांततेतच घडवाव्यात, ही रेड फ्लॅगमागची कल्पना.

आपल्याकडे हा विचार 1971 च्या युद्धाआधीच रुजला. त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला आदमपूर येथे हवाई डावपेच शिकवणारे पथक उभे राहिले. ‘टॅकडे’ या नावाने ते आज ओळखले जाते आणि 2000 पासून ग्वाल्हेरला आहे. 2008 मध्ये पुण्याच्या 20 व्या स्क्वाड्रनची, म्हणजे ‘लायटनिंग्स’ची, सुखोई रेड फ्लॅगसाठी थेट नेवाडाला गेली. तेथे आपण रडार केवळ सरावाच्या मर्यादित पद्धतीत चालवले. मित्रासमोरही सगळे पत्ते उघडायचे नसतात. त्यामुळे तशा सरावात कोण जिंकले यावर समाजमाध्यमांत भांडणाऱ्यांची मला गंमत वाटते; दोन्ही बाजूंनी हात बांधून घेतलेल्या खेळाच्या गुणांवरून ती मंडळी युद्धाचे निकाल लावत असतात.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला सर्वांत जवळची वाटते ती बोयऱ्याची फिल्म. 22 नोव्हेंबर 1971 रोजी दमदमहून उडालेल्या मॅसी, गणपती, लाझारस आणि सुआरिस यांच्या चार नॅट विमानांनी पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर सेबर विमाने गाठली. नॅटच्या तोफांना जोडलेला कॅमेरा त्याच हाइथच्या कॅमेऱ्याचा वंशज. सरावात तो गोळीच्या ऐवजी चाले, त्या दुपारी तो गोळीबरोबर चालला. त्या चित्रांतली जळणारी सेबर पुढे देशभर छापली गेली. भारताने तीन विमाने पाडल्याचे सांगितले. पाकिस्तानी नोंदींत दोन गमावल्याचे येते, तिसरे जखमी होऊन परतले. बखरीतले सैन्याचे आकडे तपासताना आम्ही ज्या पेचात सापडतो, त्याच पेचात येथे कॅमेरा असूनही सापडतो. गोळी लागली हे फिल्म दाखवते. त्यानंतर ते विमान घरी पोचले का, हे तिच्या चौकटीबाहेर राहते.

मावशीच्या प्रश्नाला मात्र अजून उत्तर मिळालेले नाही, आणि ते सांगताना मला बेळगावला जावे लागते.

28 जानेवारी 2023 च्या सकाळी ग्वाल्हेरहून एक सुखोई आणि एक मिराज 2000 नेहमीच्या सराव मोहिमेसाठी उडाले. मुरैनाच्या आकाशात दोन्ही विमाने अपघातग्रस्त झाली. सुखोईतले दोघे बाहेर पडून वाचले. मिराजचे वैमानिक विंग कमांडर हनुमंतराव सारथी वाचले नाहीत. ते बेळगावचे. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर तेथेच अंत्यसंस्कार झाले.

शस्त्रातले स्फोटक काढता येते. वेग काढता येत नाही. ध्वनीच्या वेगाशी स्पर्धा करणारे काही टन वजनाचे यंत्र, दुसऱ्या तशाच यंत्राच्या जवळ, जाणूनबुजून क्षमतेच्या काठावर नेलेले. बोथाटीच्या खेळातही भाल्याला पाते नसे, पण घोडा खरा असे आणि खाली पडणारा माणूसही खरा असे. थेऊरच्या त्या संध्याकाळी मला हे सांगता आले नाही. गेल्या महिन्यात मावशी आमच्याकडे आली तेव्हा गच्चीवर बसून सांगितले. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘मग त्या पोरांच्या आयांना कोणी सांगतं का, की सराव म्हणजे हे?’ तेवढ्यात दोन सुखोई उठली आणि आम्ही दोघी थांबलो. आवाज विरल्यावर नेहमीप्रमाणे वाक्य पुढे सुरू झाले नाही. ती सूर्य मावळेपर्यंत तेथेच बसली होती. दोन्ही परतल्यावर जिना उतरून खाली आली.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी किंवा गावच्या आखाड्यात बोथाटी खेळलेली वा पाहिलेली जुनी माणसे असतील, तर त्यांच्याकडून गोळ्याचा आकार, काठीची लांबी आणि वापरलेला रंग एवढे विचारून खाली जरूर लिहा. छापील वर्णने फार थोडी आहेत, आणि सांगणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत.