सुरीतली भेग आणि भाषासमिती



लोहारदादांकडून मुद्दाम घडवून घेतलेल्या सुरीच्या धारेत केसासारखी भेग निघाली. पाणी पाजताना तापलेलं पोलाद एकदम निवतं, तेव्हा अशी भेग पडू शकते. पुढं तुकडा उडून भाजीत जायची भीती. शिवाय फटीत भाजीचा अंश राहिला, की जीवोत्पत्ती आलीच. त्यामुळं गप्प बसणं बरं नव्हतं.

जाऊबाई म्हणाल्या, "चांगलं सुनवा!" पण भाषासमिती हित, मित, प्रिय बोलायला सांगते. मी सुरी उजेडात धरून एवढंच म्हटलं, "दादा, इथं बघा." त्यांनी नखानं भेग चाचपली आणि म्हणाले, "ताई, ही घासून जायची नाही. दुसरी घडवतो."

आता नवी सुरी घेताना मी धार आधी उजेडात तिरकी धरून बघते. तुम्हीही बघा.