सभासद नसलेली काकी

आमच्या गावाच्या मुंबई मंडळाचा या वर्षीचा अहवाल आला. पान चारवर ‘दिवंगत सभासद’ या मथळ्याखाली पाच जणांचे फोटो आहेत, प्रत्येकाखाली सात-आठ ओळी. माजी अध्यक्षांना अर्धं पान. त्याखाली बारीक अक्षरात ‘सभासदांच्या कुटुंबीयांपैकी’ असा मथळा आणि तिथे तिसऱ्या क्रमांकावर आमची खानावळवाली काकी. एक ओळ. त्या ओळीत तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव, मग ‘यांच्या पत्नी’, मग ‘वृद्धापकाळाने निधन’. तिचं स्वतःचं नाव नाही. मी लिहून दिलेला मजकूर दीड पानांचा होता.

तिचं नाव मी इथेही लिहीत नाही, कारण परक्या वाचकांपुढे ते छापायला तिच्या मुलांची परवानगी मी घेतलेली नाही. गावच्या अहवालाची गोष्ट वेगळी. तिथे परकं कोणी नाही.

गावमंडळं काय असतात हे मुंबईतल्या कोकणी माणसाला सांगायला नको. गिरण्यांत लागलेल्या गाववाल्यांनी वर्गणी काढून परळ, लालबाग, डिलाईल रोडच्या चाळींत एकेक खोली घेतली, पाळ्यांप्रमाणे आलटून पालटून तिथे पाठ टेकली, आणि त्याच खोलीत गावच्या शाळेचे, देवळाचे, पाण्याच्या टाकीचे ठराव केले. खोल्या गेल्या, गिरण्या गेल्या, माणसं नालासोपारा, दिवा, बदलापूरला पांगली, तरी मंडळ चालू आहे. दर वर्षी एका शाळेच्या हॉलमध्ये सर्वसाधारण सभा भरते. विषय क्रमांक १ ठरलेला असतो : वर्षभरात वारलेल्यांना श्रद्धांजली. चिटणीस नावं वाचतात, सगळे उभे राहतात, दोन मिनिटं होतात, खुर्च्या सरकतात आणि जमाखर्च सुरू होतो. अहवालातला श्रद्धांजलीचा मजकूर गेली काही वर्षं माझ्याकडे असतो, कारण मी शिक्षिका होते आणि शिक्षिकेचं मराठी चांगलं असणार असं सगळे धरून चालतात.

काकीचा नवरा गिरणीत बदली कामगार होता. कापसाच्या धुळीने त्याची छाती गेली आणि काम सुटलं, तेव्हा काकीने गावच्या पाच-सहा जणांना जेवू घालायला सुरुवात केली. मग वाढत वाढत पंचवीस-तीस माणसं झाली. एकच खोली, मोरीला लागून दोन स्टोव्ह, घासलेटचा वास कपड्यांना कायमचा. सकाळी सातच्या पाळीवाल्यांचे डबे भरायचे म्हणून ती चारच्या आधी उठायची. पाळ्या तीन, म्हणून पंगतीही तीन, आणि रातपाळीवाले झोपेतून उठून जेवायला येईपर्यंत तिचं स्वतःचं जेवण राहिलेलं असायचं. गिरणगावात अशा बायका हजारोंनी होत्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं, सावकाराच्या दारात जावं लागू नये, म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आमची काकी त्यात गेली नाही. तिला सही करायची भीती वाटायची.

अक्षरं येत नव्हती, आकडे ओळखायची. म्हणून वही माझ्याकडे आली. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, प्रत्येक माणसाला एक पान. मी तेव्हा शाळेत होते. संध्याकाळी काकी भाकऱ्या थापता थापता सांगायची आणि मी लिहायचे : आज याने दोन वेळा खाल्लं, याचा खाडा, याचा पाहुणा एक. आजारी माणसाला दिलेली पेज तिने कधी लिहायला सांगितली नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांच्यावर आमच्या चाळीचा इतका विश्वास होता की दोन महिन्यांत तोडगा निघेल असं लहान मुलंही सांगत. पगार थांबले, पण जेवण थांबवता येत नाही. पहिला महिना वाण्याने उधार दिलं. दुसऱ्या महिन्यात मासे बंद झाले. मग डाळही पातळ झाली, आणि रोज कुळथाची पिठी आणि भात. पंगत मात्र बसत होती. मी वहीत लिहीत होते आणि ‘जमा’च्या रकान्यात काहीच पडत नव्हतं. काकीने एकदा मला सगळ्या पानांची बेरीज करायला सांगितली. मी आकडा सांगितला. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात पाटल्या नव्हत्या. त्या पाटल्या पुन्हा तिच्या हातात मी पाहिल्या नाहीत.

माणसं तिच्या समोर जेवताना खाली मान घालून बसायची. एकाने जेवायला येणंच सोडलं. काकीने मला त्याला बोलवायला पाठवलं. तो वर गच्चीवर बसला होता. मला म्हणाला, जेवलोय म्हणून सांग. मी तसं सांगितलं. काकी स्वतः जिना चढून गेली आणि त्याला हाताला धरून खाली घेऊन आली. पाऊस जवळ आला तसे बरेच जण शेतीच्या कामाला म्हणून गावी गेले, त्यांतले कितीतरी परत आलेच नाहीत. संप कोणी अधिकृतपणे मागे घेतला नाही, तो विरत गेला. वहीतली पानं तशीच राहिली.

काहींनी मनीऑर्डरी पाठवल्या. एक जण दर वर्षी कोणाबरोबर तरी सोलं आणि तांदूळ पाठवायचा. काही वर्षांनी एकाची विधवा गावाहून आली, लुगड्याच्या ओच्यात बांधलेले पैसे तिने काकीसमोर ठेवले. काकीने ते मोजून घेतले. मला हाक मारून ते पान खोडायला लावलं. मग तिला जेवायला वाढलं. पैसे घेतले याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, घेतले नसते तर ती बाई आणखी खाली मान घालून गेली असती.

दीड पानांत मी हे लिहिलं होतं. आणखी एक गोष्ट लिहिली होती. सर्वपित्री अमावास्येला काकी घरच्या पितरांचं पान वाढून झालं की दुसरं एक पान वाढायची. तिच्या खानावळीत जेवून मुंबईतच वारलेल्या, ज्यांचा म्हाळ घालायला इथे कोणी नव्हतं, त्या माणसांसाठी. ते वाढताना एकेकाचं नाव घ्यायची आणि वाढता वाढता बोलायची : ह्येका तिखट लागता, ह्येका भाताबरोबर कढी व्हयी, हो भाकरी मोडून ठेवी आणि खाय नाय. कोणी कधी वारला, कशाने वारला, हे ती म्हणत नसे. कोण काय खायचा एवढंच.

आता हा मजकूर जिच्यापुढे गेला त्या मंडळाच्या समितीच्या बैठकीबद्दल. ती डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर सांगते. पहिला मुद्दा निघाला की काकी सभासद नव्हती. आमच्या मंडळात सभासदत्व घराचं असतं आणि ते घरातल्या पुरुषाच्या नावावर चढतं. तिचा नवरा वारल्यावर मुलाच्या नावावर झालं, मुलाने काही वर्षं वर्गणी भरली नाही, म्हणून तेही थकीत. मी म्हटलं, मंडळाचे जुने सभासद जिच्या हातचं जेवून जगले तिला सभासद नव्हती म्हणून बाहेर ठेवायचं? उत्तर आलं, बाहेर कुठे, कुटुंबीयांत घेतो की. दुसरा मुद्दा पानांचा. एक पान वाढलं की छपाई वाढते, त्यापेक्षा ते पान जाहिरातीला दिलं तर पैसे येतात. मी त्या पानाचे पैसे भरते म्हटलं. त्यावर एक जण म्हणाले, तसं केलं तर उद्या प्रत्येक जण पैसे देऊन आपल्या आईचं पान छापून घेईल. हा मुद्दा खरा होता आणि मला त्याचा जास्त राग आला.

खरा अडसर तिसरा होता आणि तो सगळ्यात शेवटी निघाला. वही. उधारीचा उल्लेख नको. ज्यांचे वडील, काका त्या वहीत होते ते आज सभेत पहिल्या रांगेत बसतात, त्यांना कसं वाटेल? मी कोणाचंही नाव लिहिलं नव्हतं. तरी नको. मग उधारी काढली, पाटल्या काढल्या, संप काढला. उरलं ते ‘कष्टाळू, धार्मिक वृत्तीच्या व मनमिळाऊ’. मी म्हटलं, हे छापायचं असेल तर काही छापू नका. तेव्हा त्यांनी एक ओळ छापली.

माजी अध्यक्षांचं पानही त्या वहीत होतं. ते खोडलं गेलं की नाही हे मी अहवालाच्या मजकुरात लिहिलं नव्हतं आणि इथेही लिहिणार नाही. अहवाल हातात आल्यावर त्यांचं अर्धं पान बघून माझ्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. पण त्यांचा मजकूरही मीच लिहिला आहे आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. संपानंतर कामाविना बसलेल्या गावच्या मुलांना त्यांनी कुठे वॉचमन, कुठे कुरिअरमध्ये, कुठे कॅंटीनमध्ये चिकटवलं. हॉस्पिटलात गाववाला गेला की रात्री-अपरात्री गाडी ठरवून प्रेत गावी पोचवणारा माणूस तोच. त्यांचं अर्धं पान कमी करून काकीला द्या असं मी म्हणणार नाही.

काकीच्या बाबतीत हे पहिल्यांदा झालेलं नाही. गिरणी कामगारांना गिरण्यांच्या जमिनीवर घरं द्यायचं ठरलं तेव्हा १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर पटावर असलेला कामगार किंवा त्याचे वारस पात्र धरले. अर्ज दीड लाखाच्या घरात गेले. जून २०१२ मध्ये ‘म्हाडा’ने ६,९२५ घरांची सोडत काढली, पुढेही काही सोडती निघाल्या, आणि वाट बघणाऱ्यांतले अनेक जण त्या आधीच वारले. त्यांच्यावर फार मोठा अन्याय झाला, त्याबद्दल दुमत नाही. पण खानावळवाली कोणत्याच पटावर नव्हती, त्यामुळे तिला वाट बघायचाही हक्क नव्हता. काकीचा नवरा १९८२ च्या कितीतरी आधी गिरणीतून सुटलेला. तिने अर्ज केला नाही. मला एकदा विचारलं होतं, माझा काय बसता काय गो त्यात? मी नाही म्हटलं.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून मौखिक इतिहासाचं मोठं पुस्तक २००४ मध्ये केलं. ते काम त्यांनी हाती घेतलं म्हणून झालं. पण अभ्यासक प्रत्येक चाळीत पोचणार नाहीत. आपल्या मंडळाकडे दर वर्षी छापली जाणारी पानं आहेत, ती जपून ठेवणारी माणसं आहेत. माझ्याकडे वडिलांनी ठेवलेले जुने अहवाल आहेत. देवळाला कोणी किती रुपये दिले हे त्यात पैशापैशाने आहे. वारलेल्यांबद्दल मात्र सगळीकडे तीच तीन विशेषणं. हे अहवाल वाचून उद्या कोणाला वाटेल की आमच्या गावात सगळी माणसं सारखीच जगली आणि बायका तर नव्हत्याच.

पूर्वी मला ती दोन मिनिटांची शांतता म्हणजे उरकून टाकणं वाटायचं. या वर्षी सभेत काकीच्या नवऱ्याचं नाव वाचलं गेलं तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे वळल्या आणि त्यांनी काकीचं नाव घेतलं. हळूच, पण मला ऐकू आलं. त्या दोन मिनिटांत त्यांना सगळं आठवत असणार. तेव्हा शांततेविरुद्ध माझी तक्रार नाही. तरी त्या दोघी गेल्यावर कोण वळून बघेल हा प्रश्न राहतोच, आणि म्हणून छापलं पाहिजे असं माझं मत आहे. काकीला स्वतःला दीड पान आवडलं असतं का, याची मला खात्री नाही. उधारीबद्दल ती कधी बाहेर बोलली नाही. पण वही तिने जाळलीही नाही. शेवटपर्यंत ट्रंकेत होती, आता माझ्याकडे आहे.

ज्यांच्या मंडळात, पतपेढीत, भजनी मंडळात, सोसायटीत असे अहवाल निघतात त्यांना एवढंच सांगते : श्रद्धांजली लिहायला माणूस जायची वाट बघू नका. दिवाळीत गावच्या म्हाताऱ्या माणसांकडे जाता तेव्हा वही घेऊन जा. कोणत्या साली आलात, कुठे राहिलात, कोणाकडे जेवलात, कोणाचं देणं राहिलं, हे विचारा. बायकांना आधी विचारा. ‘आमचं काय सांगायचं’ असं त्या म्हणतील, तेव्हा उठू नका.

पुढच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. वर्षभरात वारलेल्या गावच्या प्रत्येक माणसाचं, सभासद असो वा नसो, स्वतःच्या नावाने अहवालात टिपण यावं आणि त्याला किमान अर्धं पान मिळावं. सूचक मी आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. आमच्या गावचं कोणी हे वाचत असेल तर सभेच्या आधी मला कळवावं.