पातळ पत्र्याची पकड

पातळ पत्रा जागेवर धरून ठेवणे हे धातुकामातले फार नाजूक काम आहे. जाड लोखंडी तुकडा व्हाइसमध्ये आवळला तरी निमूट राहतो. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा कडेने आवळताच पोट काढतो. वाकण्याला विरोध करण्याची पत्र्याची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे बदलते. जाडी निम्मी झाली, की ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून इथे जोराने भागत नाही, खालून आधार लागतो. शिवाय धरणारी वस्तू पत्र्याच्या वर डोके काढून बसली, तर हत्याराची वाट अडते.

बुलढाणा जिल्ह्यात या दोन्ही अडचणींशी खामगावच्या कारागिरांची जुनी ओळख आहे. १८७० मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला, कापसाची बाजारपेठ वाढली. पण ‘रजतनगरी’ हे नाव गावाला मिळाले ते चांदीमुळे. मखर, सिंहासने, पादुका, देवळांच्या दारांवर चढवायचे पत्रे, हे सारे काम पातळ चांदीचे. चांदी मऊ, चटकन ओरखडणारी. पोलादी जबड्याची एक खूण उमटली, की तेवढा भाग पुन्हा घासून घ्यावा लागतो. चुंबकाला ती दाद देत नाही, त्यामुळे लोखंडासाठी वापरला जाणारा चुंबकी चकही निरुपयोगी ठरतो.

उठावाच्या नक्षीकामात यावर पूर्वापार चालत आलेला उपाय म्हणजे राळ. राळेत विटेची बारीक पूड मिसळली, की तिला घट्टपणा येतो. थोडे तेल घातले, की लवचीकपणा. हे मिश्रण गरम करून त्यावर पत्रा दाबून बसवतात. खाली हवा राहू देत नाहीत, कारण पोकळीवर घाव पडला तर पत्रा फाटतो. कडा किंचित खाली वळवल्या, की राळ त्यांना धरून ठेवते आणि वरचा पृष्ठभाग सगळा मोकळा राहतो. छिन्नीचा घाव पडतो तिथे राळ जरुरीपुरती दबते आणि बाजूचा धातू सावरून धरते. इतकी समजूतदार पकड कुठल्याही स्क्रूला साधलेली नाही. मात्र तिला ऋतू कळतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे गेला, की तीच राळ ढिली पडते आणि तेल कमी करावे लागते. थंडीत ती कडक होऊन तडकते. घाव सोसून चांदीही ताठरते. मग पत्रा सोडवून, मंद लाल होईपर्यंत तापवून, पुन्हा राळेत बसवायचा. खोल नक्षीला हे अनेकदा करावे लागते. लाकडावर पत्रा चढवताना कडेने बारीक चुका ठोकतात. त्यांची डोकी इतकी बसकी असतात, की हात फिरवताना अडकत नाहीत.

मिलिंग मशीनवर हेच तत्त्व दुसऱ्या रूपात येते. नेहमीचा पट्टी-क्लॅम्प जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, माथ्यावर बसतो आणि कटरला वळसा घ्यायला लावतो. बुटका कड-क्लॅम्प बाजूने रेटतो, रेटतानाच थोडा खाली दाबतो आणि जॉबच्या पातळीखालीच राहतो. काही प्रकारांत स्क्रूचे डोके अक्षापासून किंचित सरकवलेले असते. थोडा पिळा दिला, की पितळी जबडा पुढे सरतो. निवडताना जबड्याची उंची पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी हवी, समोर पक्का टेकू हवा आणि कापण्याचा जोर क्लॅम्पकडे न जाता त्या टेकूकडे जायला हवा. अगदी पातळ पत्र्याला मात्र बाजूचा रेटा देऊच नये. त्याला सपाट प्लेटवर दुहेरी चिकटपट्टी किंवा निर्वात प्लेट बरी. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असल्याने १० सेंटिमीटर बाजूच्या चौरसावर जवळजवळ १०० किलोचा भार सारखा पसरतो. भोक पाडायचे असेल तर पत्रा दोन लाकडी फळ्यांत दाबावा. नाहीतर ड्रिल आरपार जाताना पत्र्याला पकडून गरकन फिरवते आणि पत्र्याची धार बोटे कापते.

सोडवतानाही घाई नको. वाकलेल्या स्थितीत सपाट कापलेला पत्रा क्लॅम्प सुटताच मूळच्या बाकाकडे परततो. म्हणून शेवटचा हात फिरवण्याआधी क्लॅम्प सैल करून पुन्हा हलकेच आवळतात आणि माप घेतात ते पत्रा पूर्ण मोकळा केल्यावरच.