तीस टक्क्यांचं ऋण

एम.एस्सी.ला असताना प्लाझ्मा भौतिकी हा माझ्या लेखी परीक्षेपुरता विषय होता. प्लाझ्मा दाबला की त्यात अडकलेल्या चुंबकीय रेषाही त्याच्यासोबत दाटतात, हे प्रमेय मी घोकून उतरवत असे. त्याचा उपयोग काय, हे मला ठाऊक नव्हतं.

पुढे संशोधनाला लागलो, तेव्हा सरांनी २०११ सालचा एक शोधनिबंध हातात ठेवला. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ओमेगा लेझरवरचा अणुसंमीलनाचा प्रयोग. ड्युटेरियम वायू भरलेली, मिलिमीटरहून लहान गोळी लेझरच्या झोतांनी दाबायची. पण त्याआधी भोवतीच्या वेटोळ्यातून क्षणभर जबर विद्युतप्रवाह सोडून तिच्यात ८ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र उभं करायचं. सरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं, त्यातून उभ्या रेषा ओढल्या. ‘‘त्रिज्या विसाव्या हिश्श्यावर आली तर क्षेत्र किती?’’ गणित पाठ होतं : सुमारे ४०० पट. ‘‘मग इतक्या क्षेत्रात इलेक्ट्रॉनचं काय होईल?’’ मी गप्प. सरांनी एका रेषेभोवती खडूने बारीक गिरक्या काढल्या. गिरक्या घेणारा इलेक्ट्रॉन आडवा लांब जाऊ शकत नाही, म्हणून उष्णताही आडवी निसटत नाही. घोकलेलं प्रमेय मला त्या दिवशी कळलं.

इथे इंधन दाबून धरतं ते आत कोसळणाऱ्या कवचाचं जडत्व. चुंबकीय क्षेत्राचं काम गोधडीचं : स्वतः ऊब देत नाही, असलेली राखते. तीही दोन टोकांना उघडी, कारण रेषांच्या दिशेने उष्णता वाहतच राहते. त्या प्रयोगात तापमान सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं, संमीलनातून निघणारे न्यूट्रॉन सुमारे ३० टक्क्यांनी. ‘‘एवढंच?’’ असं माझ्या तोंडून निघून गेलं. सर शांतपणे म्हणाले, ‘‘ऊब राखता येते, हे आता मोजून ठरलं. पुढचं काम त्यावर उभं राहील.’’

नंतर मी महाविद्यालयात शिकवू लागलो. साधनं तोकडी, हाती येणारे निष्कर्ष लहान. काम सोडून द्यावं असं वाटे, तेव्हा ते ३० टक्के मला धरून ठेवत.

२०२२ मध्ये लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीतला प्रयोग वाचला. तिथे गोळी धातूच्या पोकळ नळकांड्यात असते. शुद्ध सोनं उत्तम वाहक. झपाट्याने वाढणारं क्षेत्र ते आत शिरू देत नाही. म्हणून सोनं आणि टँटलमचा अधिक रोध असलेला मिश्रधातू वापरला गेला. २६ टेस्लाच्या क्षेत्राने ड्युटेरियमच्या गोळीचं तापमान ४० टक्क्यांनी वाढलं, न्यूट्रॉन ३.२ पट झाले. सरांचं म्हणणं खरं ठरलं होतं.

या प्रयोगांत माझा काडीइतकाही वाटा नाही. मी फक्त ऋणी आहे : सरांच्या खडूचा, आणि कधी न भेटलेल्या त्या संशोधकांचा. फेडण्याचा एकच मार्ग मला दिसतो. वर्गात हे प्रमेय आलं की मी ते नुसतं लिहून देत नाही. आधी वर्तुळ काढतो आणि प्रश्न विचारतो. शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझी एवढीच विनंती आहे : लहान पण चोख मोजलेला निष्कर्ष विद्यार्थ्याच्या हाती ठेवा, आणि त्याची किंमत त्याला समजावून सांगा.