कबीरवडाची सावली

माणसाला व्यसन असावं, पण कंबर धरणारं नसावं. मला जुन्या सचित्र प्रवासवर्णनांचं आहे. तंबाखूची पुडी निदान खिशात मावते. ही पुस्तकं रद्दीवाल्याकडून घरी आणायला रिक्षा लागते.

माझं सर्वांत लाडकं रत्न म्हणजे जेम्स फोर्ब्ज यांच्या 'ओरिएंटल मेमॉयर्स'चा एक खंड. १८१३ साली लंडनमध्ये निघू लागलेल्या या ग्रंथाचे एकूण खंड चार. "उरलेले तीन कुठे आहेत?" असं हिनं विचारलं, तेव्हा मी "श्रीमंतांकडे" एवढंच म्हणालो. हे फोर्ब्जसाहेब कोवळ्या वयात कंपनीचे कारकून म्हणून मुंबईला आले. १७७५ साली राघोबादादांच्या मदतीला निघालेल्या इंग्रजी फौजेबरोबरही हिंडले. दिसेल ते झाड, पाखरू, देऊळ कागदावर उतरवीत सुटले आणि मजकूर-चित्रं मिळून १५० बाडं भरली. मीही जन्मभर कारकूनच होतो; पण भरले ते फक्त रजेचे अर्ज.

अशा ग्रंथांचा खरा शत्रू वाळवी नव्हे, फ्रेमवाला. अख्खं पुस्तक विकण्यापेक्षा चित्रं कापून सुटी विकली, की पैसे जास्त सुटतात. माझ्या खंडातलं नर्मदेतल्या बेटावरच्या कबीरवडाचं चित्र असंच मुळासकट गेलेलं. पण वर्षानुवर्षं समोरच्या पानाला चिकटून राहिल्यामुळे त्याची तपकिरी छाया त्या पानावर उमटली आहे. वड गेला, सावली राहिली. तिच्यात मी कित्येक दुपारी बसलो आहे.

आणि परवा दाढ दाखवायला गेलो, तर दाताच्या डॉक्टरांच्या भिंतीवर साक्षात तोच वड! दाढेचं दुखणं तिथल्या तिथे थांबलं.

"आवडलं का? घेऊन जा की," डॉक्टर म्हणाले. "मी तिथे कॅलेंडर लावीन."

तोंडात कापूस असल्यामुळे लगेच 'हो' म्हणता आलं नाही, ते एक बरं झालं. कारण घरी आल्यावर आठवलं, की माझ्या खंडाला कसर लागलेली आहे. वडाच्या जागेच्या मागच्या-पुढच्या पानांतून एक भोक आरपार गेलं आहे. चित्र माझंच असेल, तर तेच भोक त्यातही हवं! हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात स्टुलावर चढलो.

भोक नव्हतं. वड निर्मळ होता. म्हणजे तो दुसऱ्याच कुठल्या तरी पुस्तकातून उपटलेला. माझ्यासारखाच कोणी तरी, कुठे तरी, नुसत्या सावलीकडे बघत बसला असणार. त्याचं झाड माझ्या पुस्तकात कसं लावू? स्टुलावरून उतरताना मात्र घशात आवंढा आला.

"दाढ काढली तेव्हासुद्धा एवढे कण्हला नव्हता," ही म्हणाली.

डॉक्टर समजूतदार. त्यांनी चित्राची त्याच मापाची प्रत काढून दिली. "अहो, स्वतःचा दात गेला, म्हणून दुसऱ्याचा उपटून बसवतात का? कवळी बसवायची!"

ती प्रत आता जागेवर आहे. चिकटवलेली नाही, नुसती ठेवली आहे. कवळी रात्री काढता आली पाहिजे. सगळे झोपले, की मी ती हळूच बाजूला करतो आणि सावलीत जाऊन बसतो.