अंग माझं, हात दुसऱ्याचे

छातीखाली मला काही कळत नाही. मुंगी चावली कळत नाही, चटका बसला कळत नाही. लघवीची नळी तुंबली तर डोकं ठणकायला लागतं आणि कपाळाला घाम फुटतो, तेव्हा कुठं कळतं. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर मोटारसायकल घसरली, मणक्याला मार लागला आणि तेव्हापासून वळसंगच्या घरात माझी प्रत्येक सकाळ दुसऱ्याच्या हातांनी उजाडते.

भेटायला येणारे हमखास म्हणतात, "नशीबवान आहेस बघ, बायको किती करते!" करते, जीव ओतून करते. पण माया आहे म्हणजे काम नीटच होत असणार, असं सगळे धरून चालतात. पहिल्या उन्हाळ्यात घरात माया काही कमी नव्हती, तरी माकडहाडावर रुपयाएवढी जखम झाली. दवाखान्यातून सोडताना कागदावर 'दर दोन तासांनी कूस बदलणे' एवढंच लिहून दिलं होतं. कशी बदलायची, गुडघ्यांमध्ये उशी का ठेवायची, टाच गादीला का टेकू द्यायची नाही, हे कुणी करून दाखवलं नव्हतं. आई मला बगलेत धरून वर ओढायची. ओढलं की कातडी घासते. उचलून सरकवायचं असतं. हवेची गादी आणली, तर वीज गेली की तीही बसायची.

बायकोची कंबर धरली तेव्हा सोलापुरातून एक माणूस ठेवला. तगडा होता, पण कानाला फोन लावूनच मला वळवायचा. माझ्या डोक्यावरून बायकोला विचारायचा, "यांना आज अंघोळ घालायची का?" हे यांना म्हणजे मी. जीभ माझी शाबूत आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग गल्लीतल्या अक्का आल्या. आयुष्यभर विड्या वळलेल्या, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणाऱ्या. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून त्या सगळं बघून बघून शिकल्या. पाणी आधी स्वतःच्या कोपरावर ओतून बघतात, कारण माझे पाय भाजले तरी मी ओरडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पाठ पुसताना बोटं सावकाश फिरवतात. एखादी जागा जास्त गरम लागली की थांबतात, दाबून बघतात, लाली जाते का ते पाहतात. रोज माझ्याच मोबाइलवर पाठीचा फोटो काढून मला दाखवतात. माझी पाठ मी स्वतः तपासतो, यासारखं समाधान नाही. एप्रिलमध्ये छातीखाली अंगाला घाम येत नाही आणि ताप चढतो, तेव्हा सोलापुरी टॉवेल ओला करून अंगावर घालतात. आणि दर वेळी, "दादा, डाव्या अंगावर घेऊ का?" असं विचारून उत्तराची वाट बघतात.

संडासाचं सांगायला लोक लाजतात, म्हणून सांगतो. पूर्वी घरातली कामं उरकली की माझी पाळी यायची. कधी दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी. आता ठरलेल्या वेळी, चहानंतर, दार लावून, हातमोजे घालून ते काम होतं. अक्का तेवढ्या वेळात साखरेच्या भावावर बोलतात.

नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र मी पडून वाचलं. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर निकामी झालं, तरी 1984 मध्ये त्यांनी कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. शिकवणारं कुणी भेटलं तर आपलं आपण किती करता येतं, हे मला तिथं उमगलं.

पैशाचं गणित मात्र जुळत नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान 2025 मध्ये 1,500 वरून 2,500 रुपये झालं. अक्कांचा पगार त्यात भागत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, 38व्या कलमात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांनी अर्ज करावा आणि मंडळाने गरज तपासावी, अशी सोय आहे. असा आधार मिळालेला माणूस माझ्या तरी ओळखीत नाही. केरळात 'आश्वासकिरणम' योजनेत, अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्याच्या नावावर महिन्याला 600 रुपये जमा होतात. रक्कम चिल्लर आहे, पण करणाऱ्याचं नाव सरकारी कागदावर तरी आलं.

ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेला मी अर्ज देणार आहे: त्यातून गावातल्या दहा-बारा बायाबाप्यांना कूस बदलणं, नळी सांभाळणं, जखम ओळखणं शिकवा आणि शिकवायला शरीर माझं घ्या. तुमच्या गावात असं कुणी अंथरुणावर असेल, तर तुम्हीही असाच अर्ज द्या.